कानातले रातकिडे आणि मेंदूचा फोटो

गेल्या महिन्यात जालन्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय कान आणि मेंदू असा होता. वक्त्यांनी पडद्यावर मेंदूची एक आडवी चकती दाखवली, करड्या रंगावर लाल-पिवळे ठिपके, आणि म्हणाले, "हा बघा, कान वाजणाऱ्या माणसाचा मेंदू." शेजारी बसलेल्या मामांनी मला कोपरानं ढोसलं. मामांनी तीस वर्षं सळईच्या रोलिंग मिलमध्ये काढली. मिल सोडून त्यांना नऊ वर्षं झाली, पण त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर "बाहेरची मिल सुटली, कानातली चालूच हाय." प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि सभागृहात दोन तट पडले. एक गट म्हणाला, हे मशीन जिल्ह्याच्या दवाखान्यात आणा, कुणाला खरंच त्रास आहे आणि कोण सोंग करतंय ते एका दिवसात कळेल. दुसरीकडून एक निवृत्त मास्तर उठले. "नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, साधा कान तपासायचा तर संभाजीनगर गाठावं लागतं, आणि तुम्हाला मेंदूचे रंगीत फोटो पाहिजेत?" टाळ्या पडल्या. मग चहा आला आणि वाद तिथंच राहिला.

मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटल्या, आणि गंमत म्हणजे एकाच कारणानं. मेंदूचं चित्रण म्हणजे रुग्णाची तपासणी, हे दोघांनीही गृहीत धरलं होतं. एकाला ती हवी होती, दुसऱ्याच्या मते ती आपल्याला परवडत नव्हती. माझं म्हणणं वेगळं आहे. कान का वाजतात हे समजायला मेंदूचं चित्रण झालंच पाहिजे, आणि त्यात आपल्या भागातली माणसंही असली पाहिजेत. पण ते चित्र एकट्या माणसाच्या बाबतीत साक्षीला बोलवायचं नाही, त्याच्या बाजूनंही नाही आणि विरुद्धही नाही. आवाज येतो की नाही याचा साक्षीदार आज तरी एकच आहे, ज्याला तो येतो तो. मी तटस्थ नाही, हेही सांगून टाकतो. माझेही कान सहा वर्षांपासून वाजतात.

हा काही नवा, शहरी, मोबाइलच्या जमान्यातला आजार नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग मोजलेत, त्यात कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड असे कान वाजण्याचे दोन वेगळे प्रकार धरलेत. बीथोव्हननं १८०१ साली आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात रात्रंदिवस कानात चाललेल्या शिट्टीची आणि गुणगुणीची तक्रार केली आहे. २०२२मध्ये जगभरातल्या पाहण्या एकत्र करून केलेला अंदाज सांगतो की ७४ कोटींहून जास्त प्रौढांचे कान वाजतात आणि त्यांतल्या १२ कोटींहून जास्त लोकांना त्याचा मोठा त्रास होतो. आपल्याकडे त्याला कुणी रातकिडे म्हणतं, कुणी कुकरची शिट्टी, कुणी नुसतंच "गुंई". माझे एक कीर्तनकार नातेवाईक म्हणाले, "भाग्यवान आहेस, अनाहत नादासाठी लोक जन्म घालवतात." रात्री दोन वाजता हे भाग्य फार कर्कश लागतं.

आता चित्राकडे येऊ. एमआरआय या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. माझा एमआरआय झालेला आहे. एका खाजगी सेंटरमध्ये खिशातली नाणी, पट्टा, घड्याळ काढून ठेवलं, कानात बोळे घातले, वर हेडफोन चढवला आणि त्या नळकांड्यात सरकवलं. मग सुरू झालं ठाक-ठाक-ठाक, मध्येच घर्रर्र, पुन्हा ठाक-ठाक. हा आवाज शंभर डेसिबलच्या पुढं जातो. कानातल्या आवाजाचं कारण शोधायला आलेल्या माणसाला पत्र्याच्या पिंपात घालून वरून हातोडे मारावेत, तसा तो प्रकार. पंचवीस मिनिटांनी मशीन थांबलं आणि त्या शांततेत माझे रातकिडे आधीपेक्षा जोरात ओरडायला लागले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, 'नॉर्मल'. घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्या दिवसापासून माझी तक्रार 'मनाचे खेळ' झाली.

त्या नॉर्मलचा अर्थ काय होता? श्रवणाच्या नसेवर गाठ नाही, कवटीत भलतंसलतं काही नाही. बस्स, इतकंच. हा तपासणीचा एमआरआय बांधणी पाहतो. आवाज एकाच कानात येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, एका कानाचं ऐकणं दुसऱ्यापेक्षा बरंच कमी झालं असेल किंवा मेंदूच्या बिघाडाची दुसरी काही खूण असेल, तर तो जरूर करावा. यातलं काही नसेल तर करू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ सालीच मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहून ठेवलंय. माझे दोन्ही कान वाजतात, ठोका नाही, बाकी काही लक्षण नाही, तरी मी पैसे भरून आत गेलो. घाबरलेला माणूस मार्गदर्शक सूचना वाचत बसत नाही.

पडद्यावरचे लाल-पिवळे ठिपके ही दुसरीच गोष्ट. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडं प्राणवायू घेऊन जाणारं रक्त वाढतं. फंक्शनल एमआरआय हा फरक टिपतो, आणि तो असतो जेमतेम टक्का-दोन टक्क्यांचा. वीस-पंचवीस माणसांच्या मोजण्या एकत्र करायच्या, दुसऱ्या वीस-पंचवीस जणांशी ताडून पाहायच्या, जिथं फरक योगायोगाचा वाटत नाही तिथं रंग भरायचा. म्हणजे तो रंग हिशेबाचा आहे. वक्ते ज्याला "कान वाजणाऱ्या माणसाचा मेंदू" म्हणाले, तो एका माणसाचा नसून एका गटाच्या सरासरीचा असण्याचीच शक्यता जास्त. अशा सरासरीत मामांचं डोकं कुठं बसतं, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही.

मग हे चित्र कुचकामी आहे का? मुळीच नाही, आणि मास्तरांच्या गटाशी माझं भांडण इथंच आहे. शतकानुशतकं समजूत अशी होती की आवाज कानात येतो म्हणजे बिघाड कानात आहे. ही समजूत इतकी पक्की होती की असह्य झालेल्या काही रुग्णांची श्रवणाची नसच कापली गेली. नस कापली, कान कायमचा बहिरा झाला, आणि कितीतरी जणांचा आवाज होता तसाच राहिला. तारा तोडल्यावरही घंटी वाजत असेल तर घंटी कुठं आहे? १९९८मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशी चार माणसं गाठली ज्यांना जबडा आवळून कानातला आवाज कमी-जास्त करता येत होता. मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनखाली त्यांना तेच करायला लावलं. खरा आवाज एका कानात सोडला तरी मेंदूच्या दोन्ही बाजू जाग्या होतात. इथं मात्र कानातला आवाज बदलला तेव्हा फरक पडला तो श्रवणाच्या एकाच बाजूला, आणि जोडीला भावनांशी निगडित भागातही हालचाल दिसली. म्हणजे आवाज कानातून वर जात नव्हता, वरच तयार होत होता. हात तोडलेल्या माणसाला नसलेली बोटं दुखतात, त्याच जातीचं हे दुखणं. कानाकडून येणारी आवक घटली की मेंदू आपला स्वतःचा आवाज वाढवून बसतो, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. चार माणसांच्या त्या अभ्यासानं सगळं सिद्ध झालं असं कुणी म्हणणार नाही, पण सुरी घेऊन नसेकडं जाणारा हात थांबवायला अशी चित्रं कामाला आली. 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्या घरच्यांना उत्तरही त्यांनीच दिलं. खेळ मेंदूचा आहे, नाटकाचा नाही.

पण हीच चित्रं किती सहज फसवतात तेही पाहा. २००६मध्ये म्युनिकच्या एका गटानं कान वाजणाऱ्यांच्या मेंदूत एका ठिकाणी करडा भाग, म्हणजे मेंदूपेशींचा भाग, कमी असल्याचं दाखवलं. मोठी चर्चा झाली. पुढं इतरांनी पडताळून पाहिलं तेव्हा ते तसं सापडेना. २०१३च्या एका अभ्यासात तर त्या भागाचा संबंध कान वाजण्यापेक्षा वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होण्याशी दिसला. त्याआधी, २०१०मध्ये, बोस्टनच्या संशोधकांनी आणखी एक गाठ सोडवली. कान वाजणाऱ्यांच्या श्रवणमार्गात आढळणारी जादा चळवळ पुष्कळशी दुसऱ्याच तक्रारीची निघाली, साधे आवाजही सहन न होण्याची. दोन्ही तक्रारी बऱ्याचदा एकाच माणसात असतात, म्हणून एकीचं पाप दुसरीच्या माथी गेलं होतं. याला मी शास्त्राची नामुष्की मानत नाही, शास्त्र असंच स्वतःचे कान पिळत पुढं जातं. पण ज्याचा अर्थ दर चार-पाच वर्षांनी बदलतो, त्या चित्रावर माणसाच्या खरेपणाचा निवाडा कसा करायचा? २००९मध्ये काही मिश्कील संशोधकांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि आकडेमोडीत जाणूनबुजून ढिलाई केली. माशाच्या मेंदूत लाल ठिपका उमटला!

पहिल्या गटाचं सगळ्यात जोरदार म्हणणं मी टाळणार नाही, कारण ते मामांच्या बाजूचं आहे. कारखाने कायदा १९४८च्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटानं येणारं बहिरेपण नोंदवण्याजोगा आजार म्हणून धरलं होतं. पण त्याचं माप ऑडिओग्रामवरच्या, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावरच्या, डेसिबलचं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत कान वाजणं नाही. बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांनी साठ डेसिबलची घट दाखवली तरच तुम्ही ऐकण्याच्या बाबतीत दिव्यांग. मामांना गप्पा ऐकू येतात. झोप येत नाही, एवढंच, आणि झोप न येण्याला डेसिबल नाहीत. मशीननं पुरावा दिला तर अशा माणसाला दाद मागता येईल, औषध लागू पडतंय की नाही हेही रुग्णाच्या सांगण्यापलीकडं मोजता येईल, हे खरंच आहे. मिरगीचंही उदाहरण आहे. आपल्या गावांत फेफरं आलेल्याला अजून चप्पल हुंगवतात, अंगात आलंय म्हणतात. हान्स बर्गरनं १९२९मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेचे पहिले आलेख छापले, आणि पुढच्या काही वर्षांत फेफऱ्याची खूण कागदावर दिसायला लागली. त्यानं किती माणसांची अब्रू वाचवली असेल! कान वाजणाऱ्यांनाही असाच कागद का मिळू नये?

मिळाला तर मलाही हवाच आहे. पण आज हातात काय आहे? २०२०मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी कवटीवरून प्रकाश सोडून मेंदूतल्या रक्ताचा अंदाज घेतला आणि कान कुणाचे वाजतात हे साधारण ७८ टक्के अचूक ओळखलं. पंचवीस रुग्ण आणि एकवीस निरोगी माणसांवर केलेला, कौतुकाचाच प्रयत्न. मात्र हाच आकडा कामगार न्यायालयात नेऊन ठेवला तर शंभरातल्या बावीस जणांचं काय होईल? ज्याचं चित्र 'साफ' निघालं तो खोटारडा ठरणार. त्याच्या विरोधातला वकील तोच कागद नाचवणार. आजवर त्याचं कुणी ऐकत नव्हतं. उद्या त्याचं म्हणणं मशीननं खोटं पाडलं, असं कागदावर येईल. उलट बाजूनंही फसगत आहेच. १९५३मध्ये ऐकणं ठणठणीत असलेल्या ऐंशी लोकांना आवाज पोचणार नाही अशा खोलीत बसवलं, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले. म्हणजे आवाज असणं हा आजार नाही, त्या आवाजानं माणसाचं काय झालं हा आजार. तो ठिपक्यात शोधायचा कसा?

मेंदूच्या आलेखाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं की काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. २००८मध्ये पुण्यातल्या न्यायालयानं एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप सुनावताना मेंदूच्या विजेवरून केलेल्या चाचणीचा आधार घेतला. आरोपीला गुन्ह्याचा 'अनुभव' आहे, असं त्या आलेखावरून मानलं गेलं. जगभरचे मेंदूशास्त्रज्ञ हादरले. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं संमतीशिवाय अशा चाचण्या करायला मनाई केली, संमतीनं केल्या तरी त्यांचे निष्कर्ष आपोआप पुरावा ठरत नाहीत हेही सांगितलं. आणि पुण्यापर्यंत तरी कशाला जायचं? शेजारच्या बीडमध्ये २०१९च्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. "पिशवी खराब आहे, पुढं कॅन्सर होईल" असं सोनोग्राफीचा कागद पुढं धरून सांगितल्याच्या कहाण्या तेव्हा आपण सगळ्यांनी वाचल्या. सोनोग्राफी वाईट म्हणून हे झालं का? नाही. चित्र दाखवणाऱ्याच्या हातात सत्ता होती आणि पाहणाऱ्या बाईला ते वाचता येत नव्हतं. कान वाजणं असह्य झालेला माणूसही असाच, कुणी काही कापतो म्हणालं तर हो म्हणणारा.

आता मास्तर. त्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि त्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे हातही होते. कान वाजणाऱ्याला आज जे हवं ते सगळं मशीनविना होतं. नीट ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी, गरज असेल तर श्रवणयंत्र, आणि त्या आवाजाची भीती कमी करणारं समुपदेशन. या आजारावर हमखास म्हणावं असं औषध नाही. पण विचारांना वळण देणाऱ्या उपचारपद्धतीनं जगण्यावरचा ताण हलका होतो, हे २०२०मध्ये अठ्ठावीस अभ्यासांचा आढावा घेऊन मांडलं गेलं. हे आधी तालुक्याला पोचलं पाहिजे, याबद्दल वाद नाही. वाद पुढच्या पायरीवर आहे. "गरीब भागानं संशोधनाच्या भानगडीत पडू नये" हे कुणी ठरवलं? आपण निजामाच्या मुलखातले, म्हणून तिथलीच दोन उदाहरणं घेऊ. २० ऑगस्ट १८९७ला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला तो सिकंदराबादेत, एका साध्या दवाखान्यात. तेव्हाही निजामाच्या राज्यात विहिरी कमी आणि दुष्काळ फार होते. "आधी विहिरी खणा, डास नंतर चिरा" असं कुणी त्याला म्हणालं असतं तर हिवतापानं मरणारे कोण होते? आपलेच.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण ते फसलेलं आहे. १८८८ आणि १८८९ साली निजाम सरकारच्या पैशानं हैदराबादेत क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. भूल देताना माणूस मरतो तो हृदय बंद पडून की श्वास बंद पडून, असा वाद होता. शेकडो कुत्री-माकडं खर्ची पडली, लंडनहून नामांकित डॉक्टर आले, आणि निकाल लागला की हृदयाला धोका नाही, श्वासाकडं लक्ष ठेवा. १९११मध्ये लेव्ही नावाच्या डॉक्टरनं दाखवून दिलं की हलक्या भुलेत क्लोरोफॉर्म हृदयालाच घात करतो. हैदराबादच्या प्रयोगांत भूल बहुतेक खोलवर दिलेली होती. मोजमाप भरपूर होतं, प्रश्न मात्र एकाच बाजूनं विचारला होता. आजच्या मेंदूचित्रणालाही हेच लागू आहे. बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतल्या माणसांवरचे. तीस वर्षं रोलिंग मिलच्या, जिनिंगच्या, डाळमिलच्या गोंगाटात घालवलेलं, मग दर गणपतीत डीजेसमोर उभं राहिलेलं आपल्याकडचं डोकं त्यांत आहे कुठं? वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी झालेलं असणं आणि कान वाजणं यांची सरमिसळ झाली म्हणून आधीचे निष्कर्ष कोसळले, हे वर पाहिलंच. ती सरमिसळ सोडवायची तर सारख्याच गोंगाटात, सारखीच वर्षं काम केलेली, सारखंच ऐकणं गमावलेली माणसं हवीत, अर्धी कान वाजणारी आणि अर्धी न वाजणारी. अशी जोडी जालन्याच्या एमआयडीसीत एका पाळीत सापडेल. मामांचा मिलमधला जोडीदार त्यांच्याच शेजारच्या मशीनवर होता. तो मामांपेक्षा जास्त बहिरा आहे, आणि त्याच्या कानात चिडीचूप. या दोघांच्या डोक्यांत काय वेगळं आहे, हा प्रश्न मला जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेच्या तोडीचा वाटतो.

अट एकच घालावी. चित्र त्या माणसाच्या फाइलला लागणार नाही, मालकाला जाणार नाही, प्रमाणपत्राला जोडलं जाणार नाही. आणि मशीनमध्ये घालण्याआधी त्याला त्याच्या बोलीत विचारायचं. १९९६पासून वापरात असलेली पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. आवाजामुळं चिडचिड होते का, झोपायला त्रास होतो का, अशी. मी ती परवा रात्री ओट्यावर बसून मामांना मराठी करून विचारली. पंचवीस प्रश्नांना दीड तास लागला, कारण प्रत्येक उत्तराआधी मिलमधली एक गोष्ट होती. शेवटी त्यांना सांगितलं की उद्या कुणी असा अभ्यास काढला तर नळकांड्यात जाऊन पडावं लागेल, वर मोठा आवाज असतो.

"कितीक आवाज?"

"तुमच्या मिलएवढा."

मामांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "मंग मला काय व्हतंय," म्हणाले, "झोपच लागंल की मला तितं."